खेळपट्टीवरचा मान, पंगतीतला अपमान

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी २ एप्रिल २०११ रोजी देशभरातील रस्ते ओस पडले होते. एका सामन्यापायी सारे व्यवहार थांबावेत, या वेडाची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ आणि युरोपियन संघ मुंबईत समोरासमोर आले, तेव्हा राज्यकर्त्यांचा पराभव पाहण्यासाठी शहराने कामकाज बाजूला सारले. त्या विजयाचे शिल्पकार होते डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ कोकणातले. पालवण गावावरून आडनाव पडले. वडील लष्करात नोकरीला असल्याने बालपण पुण्यात गेले. गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखत, सरावासाठी जाळी बांधत. पुढे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम मिळाले. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने अखेर त्यांना सामावून घेतले, ते गुणांमुळे आणि गरजेपोटी. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर बसवून मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे असे.

त्यानंतर ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या सामन्यात हिंदू संघाने २४२ व १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ व १०२ धावांत गारद झाला. बाळूंनी सामन्यात आठ बळी टिपले आणि हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. स्वदेशी चळवळीच्या त्या काळात हा विजय केवळ खेळापुरता उरला नाही. बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांना मिळालेल्या संधीकडे समाजसुधारकांनी जातिभेदाला बसलेला धक्का म्हणून पाहिले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरत असताना बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद देण्याची वेळ आली की त्यांची जात आडवी येई. तो मान अखेर १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली.

बाळूंविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी अभिमान वाटे. नियतीने पुढे दोघांना राजकारणात परस्परांसमोर उभे केले. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी दिली. बाबासाहेबांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली. जुलै १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.

मैदानावर जातपात नसते, असे आपण अभिमानाने म्हणतो. बाळूंनी मात्र मैदानाची सीमारेषा ओलांडताच ती प्रत्येक वेळी अनुभवली. त्यांच्या बळींचा हिशेब मांडताना त्या वेगळ्या चहापात्राचाही हिशेब समाजाने मांडला पाहिजे.