हेन्री फोर्ड : पाना-पक्कडवाला माणूस

हेन्री फोर्ड म्हटलं की आपल्याला असेंब्ली लाईन आठवते. मास प्रॉडक्शनवर टीप लिहा, पाच मार्क, विषय संपला. मला मात्र हा माणूस आवडला तो वेगळ्याच कारणासाठी. मालकाला स्वतःच्या हातांनी उघडता येईल अशी गाडी त्याने लाखोंच्या दारात नेली. आणि त्याच गाडीच्या प्रेमापायी पुढे कंपनी गोत्यात आणली.

जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी. शेतीत मन रमेना. दिसेल ते घड्याळ उघडायचं, आतली चक्रं काढायची, परत बसवायची. पुढे पुढे शेजारीपाजारी आपली बंद पडलेली घड्याळं याच्याकडेच आणून द्यायला लागले. १८७६ साली आई गेली आणि त्याच वर्षी त्याने रस्त्यावरून घोड्याशिवाय चालत येणारं वाफेचं इंजिन पाहिलं. झालं! सोळाव्या वर्षी पोरगं डेट्रॉईटला जाऊन मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलं. कॉलेज नाही, डिग्री नाही. (एचओडी सरांनी हे वाक्य वाचू नये.)

१८९१ मध्ये तो एडिसनच्या वीज कंपनीत इंजिनिअर झाला आणि फावल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये पेट्रोलची गाडी जुळवत बसला. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली, तर लक्षात आलं की शेडचं दार अरुंद आहे! पठ्ठ्याने कुऱ्हाड घेतली, भिंतीच्या विटा फोडल्या आणि गाडी बाहेर काढली. ड्रॉईंगमध्ये डायमेन्शन विसरणाऱ्या तमाम बंधूंना एवढा दिलासा पुरे.

पहिली कंपनी १९०१ मध्ये बंद पडली. दुसरीतून तो १९०२ मध्ये बाहेर पडला आणि तीच पुढे कॅडिलॅक झाली. तिसरी १९०३ ची फोर्ड मोटर कंपनी. मग १ ऑक्टोबर १९०८ ला आली मॉडेल टी.

मेकॅनिकलवाल्यांनी ही गाडी जरूर अभ्यासावी. चार सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले, ताकद २० हॉर्सपॉवर, हेड वेगळं निघणारं. म्हणजे हेडचे बोल्ट सोडले की आतला कार्बन खरवडायला शेतकरीसुद्धा मोकळा. पेट्रोल पंप नाही, टाकी सीटखाली आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येणार. टाकीत कमी असेल तर तीव्र चढावर इंजिनपर्यंत ते पोचायचंच नाही, म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे! बहुतेक गाड्यांत पाण्याचाही पंप नव्हता, गरम पाणी वर आणि गार खाली या साध्या नियमावर इंजिन थंड व्हायचं. गिअरबॉक्समधले पट्टे झिजले की घरीच बदलायचे. मागचं चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवून लोकांनी करवती आणि पंपही चालवले.

फोर्डचा विचार सरळ होता. त्या काळी बरेच गाडीवाले गिऱ्हाईक एकदा अडकलं की सुट्या भागांना वाटेल ती किंमत लावत. फोर्डला हे बिलकुल मान्य नव्हतं. सुटे भाग खिळे-बोल्टांसारखे हार्डवेअरच्या दुकानात मिळावेत आणि इतके स्वस्त असावेत की जुना दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं परवडावं, असं त्याने १९२२ च्या आत्मचरित्रात मांडलंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका सर्व्हिस सेंटरला (नाव नको) ट्रेनिंगला होतो. एका गाडीच्या हेडलाईटमध्ये पाणी गेलं होतं. पूर्वी बल्ब आणि काच बदलून काम भागायचं. इथे एलईडीसकट अख्खं सीलबंद युनिट बदललं. गिऱ्हाईक काका बिल हातात घेऊन नुसते बघत बसले. आता काही गाड्यांच्या पुढच्या काचेला कॅमेरा असतो, काच बदलली की तो परत कॅलिब्रेट करायचा. चावी हरवली तर नवी चावी कॉम्प्युटर लावून गाडीला ओळखायला शिकवायची. पाना हातात असून उपयोग काय?

पण उगाच जुन्याचे गोडवे नकोत. मॉडेल टी सोपी होती, तशी ती सारखी दुरुस्तीही मागायची. हँडल मारताना उलटा झटका बसून मनगटं मोडायची, इलेक्ट्रिक स्टार्टर मिळायला १९१९ उजाडलं. एअरबॅग, एबीएस तर सोडाच. आजची गाडी क्वचित बिघडते, पण बिघडली की खिसा रिकामा. मला विचाराल तर एबीएस हवंच, पण सीलबंद हेडलाईट कशाला?

फोर्डला मात्र काहीच बदल नको होता. १९१२ मध्ये तो युरोपला गेला असताना इंजिनिअरांनी सुधारित नमुना बनवला. परत आल्यावर त्याने तो स्वतःच्या हातांनी मोडून टाकला. १९१४ ते १९२५ सगळ्या गाड्या काळ्याच! तोवर जनरल मोटर्स दरवर्षी नवं रूप आणि हप्त्यांची सोय घेऊन पुढे आली. दीड कोटी गाड्या काढून मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली, आणि नव्या मॉडेलची तयारीच नसल्याने कारखाना काही महिने थांबला. तिच्या इंजिनाचं उत्पादन मात्र १९४१ पर्यंत चालू होतं, कारण दुरुस्ती करणारे होते ना!

मला खटकतं ते वेगळंच. घड्याळ पूर्ण उघडण्यात रमणाऱ्या या माणसाच्या कारखान्यात १९१३ पासून कामगाराने दिवसभर एकच बोल्ट आवळायचा. चासिस जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले, पण त्या वर्षी कामगार इतके सोडून जात होते की गळती ३७० टक्क्यांवर गेली. म्हणून १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर. त्यातही कामगाराच्या घरी जाऊन तो नीट राहतो का हे बघायला कंपनीची माणसं! युनियनवाल्यांना १९३७ मध्ये त्याच्या माणसांनी कारखान्याबाहेर बडवलं. त्याच्या वर्तमानपत्राने ज्यूंविरुद्ध विष ओकलं, आणि १९३८ मध्ये नाझी जर्मनीचं पदकही त्याने स्वीकारलं. हे टिपेत लिहायला कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मुलगा एडसेल १९४३ मध्ये गेला, म्हातारा खचला. ७ एप्रिल १९४७ ला नदीला पूर येऊन त्याच्या बंगल्याचं स्वतःचं वीजघर बंद पडलं. फोनही बंद. त्या रात्री ८३ वर्षांचा हेन्री फोर्ड गेला, तेलाच्या दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडात.