काट्याभोवती जमलेल्या पेशी

सिसिली बेटावरील मेसिना शहर, १८८२चा हिवाळा. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि इल्या मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत फिरणाऱ्या पेशी न्याहाळताना त्यांच्या मनात आले, की शरीरात काही रुतले तर या पेशी तिकडे धाव घेत असतील. त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा!

सध्याच्या युक्रेनमधील खार्किव्हजवळ १८४५ मध्ये जन्मलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाने तोवर बरेच सोसले होते. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. निराशेच्या भरात त्यांनी दोनदा जीवनयात्रा संपविण्याचा प्रयत्न केला. ओडेसा विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून प्राध्यापकीही सोडली होती.

जखमेवर येणारी लाली, सूज, पू म्हणजे निव्वळ अपाय, अशी त्या काळची समजूत. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पोहोचवितात, असेही अनेकांना वाटे. मेचनिकॉफ यांनी हे उलटे केले. दाह हा बचाव आहे, असे ते सांगू लागले. जर्मन पंडितांनी त्यांना कडाडून विरोध केला. १८८८ मध्ये पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या संस्थेत त्यांना जागा दिली आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेही प्रतिपक्षातील पॉल एर्लिक यांच्यासोबत विभागून.

मोठ्या भक्षक पेशींना त्यांनी 'मॅक्रोफेज' म्हटले. या पेशी जखमेतील जंतू व मृत पेशी गिळतात, हे आज सर्वमान्य आहे. पण त्यांचे काम तेथे संपत नाही. पुढे त्या टीजीएफ-बीटासारखे संदेश सोडतात. त्यामुळे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणू लागतात आणि जखम सांधते. हे संदेश वेळीच थांबले नाहीत, तर वण फुगतो. कान टोचल्याच्या इवल्या छिद्रावर वाढणारी, मूळ जखमेची हद्द ओलांडणारी केलॉइडची गाठ अनेकांनी पाहिली असेल. अशा गाठीत मॅक्रोफेज, टी-पेशी आणि एर्लिक यांनी विद्यार्थिदशेत नाव दिलेल्या मास्ट पेशी अधिक संख्येने आढळतात. गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, ते हा दाह शमविण्यासाठीही.

रक्षकच घातक ठरू शकतो, ही शंका उतारवयात खुद्द मेचनिकॉफ यांनाही होती. वार्धक्यात मॅक्रोफेज मौल्यवान पेशी खातात आणि त्यांच्या जागी निबर संयोजी ऊती भरतात, असे त्यांचे मत. त्यातले बरेचसे पुढे टिकले नाही. दह्याने वार्धक्य लांबते, हा त्यांचा आग्रह मात्र जगभर गाजला. स्वतः ते ते नेमाने घेत.

१५ जुलै १९१६ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, ते पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आल्या.