गार्सिया द ओर्ता : मुंबईच्या बागेचे वैद्य

वाचकहो, भारतभेटीला गेलेले आपले लोक मुंबई, अलिबाग, रेवदंडा झाले की पुष्कळदा गोव्यालाही जाऊन येतात. पणजीचे मोठ्या पायऱ्यांचे चर्च पाहतात आणि पाय दुखले की जवळच्या नगरपालिकेच्या बागेत घटकाभर टेकतात. त्या बागेला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. लिस्बनला जाणाऱ्यांना तेथेही नदीकाठी याच नावाची बाग सापडेल. पूर्वेकडची झाडे लावलेली ती बाग 1998 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळची. हे गृहस्थ ज्यू होते, हे मात्र या बागांत बसणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचे आईवडील मूळचे स्पेनचे. 1492 साली तेथील ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा ते पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी, 1497 साली, तेथेही सर्व ज्यूंचा जबरदस्तीने बाप्तिस्मा झाला. अशा घरात कास्तेलो द विदे या सरहद्दीवरच्या गावी 1501 च्या सुमारास गार्सियांचा जन्म झाला. बाहेर ख्रिस्ती, घरात काय ते घरच्यांनाच माहीत! सालामांका आणि आल्काला येथे त्यांनी वैद्यकी शिकली, लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवले, आणि 1534 साली मार्तिम आफोंसो द सोझा यांच्या गलबतांबरोबर राजवैद्य म्हणून ते गोव्यास आले. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झाले. ते वेळेवर निघाले असेच म्हणावे लागेल.

गोव्यात त्यांची वैद्यकी चांगली चालली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही ते औषध देत. पुढे पोर्तुगीज सरकारने त्यांना मुंबईचे बेट खंडाने दिले. होय, अख्खे बेट! आज फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या मागे नौदलाची जागा आहे, तिकडेच त्यांचे घर होते आणि भोवती बाग. वर्षातून दोनदा फळ देणारे एक आंब्याचे झाड आपल्या बेटावर आहे, असे त्यांनी मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे.

त्यांचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक. ग्रंथ संवादरूप आहे. स्पेनहून नवा आलेला रुआनो नावाचा डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतात. रुआनो अर्थात काल्पनिक. मिरी, वेलदोडा, दालचिनी, हिंग, नारळ, फणस, भांग, धोतरा, सारे काही त्यात आहे. आपल्या सोलकढीचा रातांबासुद्धा! आतून रक्तासारखा लाल, चवीला आंबट, अशी त्याची खूण ते सांगतात. (कोकमाच्या लॅटिन नावातले गार्सिनिया यांच्यावरून आले असे कोणालाही वाटेल, पण ते नाव लोराँ गार्सिन या दुसऱ्याच वैद्याचे.) पटकीचे वर्णनही त्यात आहे, आणि त्या रोगाला त्यांनी दिलेले नाव म्हणजे आपल्या आजीच्या तोंडची मोडशीच, फक्त पोर्तुगीज वळणाची. गावातल्या वैद्यांना, बाजारातल्या व्यापाऱ्यांना विचारून आणि स्वतः डोळ्यांनी पाहूनच ते लिहीत. जुन्या ग्रीक वैद्यांच्या चुका त्यांनी बेधडक दाखवल्या, आणि आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, अशी कबुलीही दिली.

झाडांविषयी इतके निर्भयपणे बोलणारा हा माणूस स्वतःविषयी मात्र तोंड मिटून होता. मला तर नेहमी वाटते, मुंबईच्या त्यांच्या घरासमोर खाडी आणि खाडीपलीकडे कोकणचा किनारा. आपल्या परंपरेप्रमाणे तेथे त्या काळीही आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली म्हणून उघडपणे ओळखले जात होते. त्यांना कोणाची भीती नव्हती. इकडे बेटाचा मालक मात्र शब्बाथ पाळत असेल तर दार लावून.

लिस्बनमध्ये तुरुंग भोगलेल्या त्यांच्या दोन बहिणी आईसह 1549 च्या सुमारास गोव्यास आल्या होत्या. 1560 साली इन्क्विझिशनही त्यांच्या मागोमाग गोव्यात आले. व्हाइसरॉयांची मैत्री होती तोवर ओर्तांच्या अंगाला हात लागला नाही. 1568 साली ते वारले, आणि थोड्याच दिवसांत बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. आपला भाऊ मोशेच्या धर्मशास्त्रावर विश्वास ठेवणारा होता, हे त्या चौकशीतून बाहेर आले. 25 ऑक्टोबर 1569 रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळले.

ग्रंथ तोपर्यंत युरोपात पोहोचला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 साली त्याचा लॅटिन संक्षेप छापला. याच क्लुसियसने पुढे हॉलंडमध्ये लायडनच्या विद्यापीठाची बाग उभी केली. ती आजही पाहता येते.

गोव्यातला खटला मात्र माणूस मेल्यावरही चालू राहिला. 4 डिसेंबर 1580 रोजी ओर्तांच्या अस्थी कबरीतून उकरून काढल्या, जाळल्या, आणि राख मांडवीत टाकली. पोर्तुगालने 1971 साली वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. पणजीची ती बाग मांडवीपासून चालत काही मिनिटांवर आहे.