आजचे मनन : योहान आणि टाळलेलं उत्तर

वाचन : मत्तय २१:२३-२७, लूक १:५-२५



आजच्या वचनात मुख्य याजक आणि वडीलजन मंदिरात प्रभू येशूला अडवतात. हे सगळं तू कोणत्या अधिकाराने करतोस, असं विचारतात. प्रभू उलट त्यांनाच विचारतो की योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गातून होता की माणसांकडून. हा प्रश्न नीट कळायला आधी योहानाचं आयुष्य बघावं लागतं.

योहान याजकाच्या घरातला. वडील जखऱ्या, आई अलीशिबा. म्हातारपणी मुलगा होणार, हे जखऱ्याला मंदिरात धूप जाळताना गब्रिएल देवदूताने सांगितलं. त्याला ते पटेना. खात्री कशी करू, असं त्याने विचारलं आणि त्याची वाचा गेली. बाळाचं नाव योहान असं पाटीवर लिहिलं, तेव्हाच ती परत आली. म्हणजे देवाच्या शब्दावर शंका घेणारा याजक योहानाच्या घरातच होता!

याजकपद वंशाने मिळायचं. आपल्या भाषेत, योहानाला मंदिराचा अ‍ॅक्सेस जन्मतःच होता. पण तो रानात राहिला. उंटाच्या केसांचं वस्त्र, कंबरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. तिबिर्य कैसराच्या १५ व्या वर्षी, म्हणजे इ.स. २८-२९ च्या सुमारास, देवाचं वचन त्याच्याकडे आलं आणि तो यार्देनेकाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देऊ लागला. जकातदार आले, शिपाई आले. यरुशलेमहून याजक आणि लेवी चौकशीला आले. मी ख्रिस्त नाही, हे त्याने तेव्हाच स्पष्ट सांगितलं. त्याच्याकडे कोणाचं शिफारसपत्र नव्हतं.

पुढे हेरोद अंतिपाने भावाची बायको हेरोदिया हिला ठेवून घेतलं, तेव्हा योहान राजाला तोंडावर बोलला आणि तुरुंगात गेला. इतिहासकार योसेफस सांगतो की तो तुरुंग मृत समुद्राच्या पूर्वेला, मखेरसच्या किल्ल्यात होता. तिथून योहानाने शिष्यांना येशूकडे पाठवलं. येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? ज्याने येशूला बाप्तिस्मा दिला, त्यालाच शंका आली! पण प्रभू रागावला नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, हे जाऊन सांगा म्हणाला. वर लोकांसमोर योहानाचं कौतुक केलं. नंतर हेरोदाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत योहानाचं शिर कापलं गेलं.

आता मंदिरातल्या त्या पुढाऱ्यांकडे बघा. त्यांनी हिशोब मांडला. स्वर्गातून म्हणावं तर विश्वास का ठेवला नाही, असं येशू विचारणार. माणसांकडून म्हणावं तर लोक खवळणार, कारण लोक योहानाला संदेष्टा मानत होते. म्हणून ते म्हणाले, माहीत नाही. मग प्रभूनेही उत्तर दिलं नाही.

जखऱ्याने विचारलं, योहानाने विचारलं, देवाने दोघांनाही उत्तर दिलं. प्रश्न विचारणं हे पाप नाही. उत्तर समोर असताना माहीत नाही म्हणणं, तिथे दार बंद होतं.

हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटतेय. गेल्या महिन्यात ऑफिसात एक रिलीज फसला. टेस्ट सोडून दे, असं ज्युनिअरला मीच सांगितलं होतं. मीटिंगमध्ये विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. बोलणी त्या मुलाने खाल्ली. मी गप्प बसलो, कारण अप्रेझल जवळ होतं. तोच हिशोब!

काल रात्री त्याला फोन करून माफी मागितली. आज मॅनेजरला सांगायचंय. भीती वाटतेय, प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या खऱ्या शंका तुझ्याकडे आणायला आणि माझी खोटी उत्तरं सोडायला मला बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.