कै. राजा परांजपे

सातवी शिकलेल्या बाईने चरित्र काय लिहावे? पण सेक्रेटरीबाईंचा आग्रह मोडवेना.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० चा, मिरजेचा. आधी नट, मग दिग्दर्शक. गदिमांची लेखणी, सुधीर फडक्यांचे संगीत आणि राजाभाऊ असे त्रिकूट जमले. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आली. महिन्यात लाख रुपये खर्चून दाखव, मगच मुलगी देतो, ही भावी सासऱ्याची अट! (इथे महिन्याचा किराणा भागवताना नाकी नऊ येतात.) ‘ऊन पाऊस’मध्ये त्यांनी स्वतः म्हाताऱ्या मास्तरांचे काम केले. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी ते गेले.

मला आवडतो तो १९६४ चा ‘पाठलाग’. वकिलाची बायको वारते. पुढे एक आरोपी बाई सापडते, ती हुबेहूब तिच्यासारखी. मीच तुमची बायको म्हणते, घरातल्या खाणाखुणा सांगते. भावनाबाईंची त्यात दुहेरी भूमिका आहे. १९६६ साली त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला.

माझ्या सासूबाईंना हल्ली माणसे ओळखू येत नाहीत. मला त्या आपली धाकटी बहीण समजतात, माहेरच्या गोष्टी विचारतात. मीही हो ला हो म्हणते. परवा त्यांना शेजारी बसवून ‘पाठलाग’ लावला. वकील कोर्टात उभा राहिला, तशा त्या माझा हात दाबून हसल्या. खरी कोण, हे त्यांनीच मला आधी सांगून टाकले.