लोखंडी नांगराचा धडा

घरून ऑनलाइन व्यवसाय सुरू केला, पण तीन महिने एकही ऑर्डर नाही. तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. जन्म १८६९. चित्रकार व्हायचे होते, पण रंगांधळेपण आड आले. मग ते यांत्रिक रेखन शिकले, मुंबईत शिक्षक झाले. नोकरी सोडून बेळगावात सायकलचे दुकान चालवले. पुढे लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव खचले नाहीत. नांगरातले दोष काढत राहिले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९५६ साली ते निवर्तले.

हल्ली मी रोज सकाळी आधी कालची एक चूक सुधारतो, मगच ऑर्डर पाहतो. अशी चिकाटी गणराय आपणा सर्वांना देवो!