फिलिप हेन्री गॉस व त्यांचा कांचेचा हौद

आपलें खंडाळें म्हणजे बोरघाटांतील नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याचें. येथून उत्तरेस गेलें म्हणजे नीरेचें पात्र लागतें. समुद्र मात्र दूर, सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. अशा ठिकाणींही कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस मुलांस असते. पुष्कळदां असें होतें कीं, कोठूनतरी ओंजळभर वाळू आणून ती तशीच पेटींत टाकतात. पाणी गढूळ होतें, चार दिवसांनीं त्यास घाण येते, आणि आठवडा संपण्यापूर्वीं मासे उलटे तरंगूं लागतात. घरचीं वडील माणसें माशांच्या नाजूकपणास दोष देतात. खरा दोष पुष्कळदां तळच्या वाळूंत असतो. पाळलेल्या जलचरांचें घर कसें मांडावें हें ज्यांनीं स्वतः शिकून जगास शिकविलें, त्यांत फिलिप हेन्री गॉस ह्यांचें नांव अग्रभागीं आहे.

गॉस ह्यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजीं इंग्लंडांत वुस्टर येथें झाला. वडील गांवोगांव हिंडून लहान तसबिरी काढीत. तेव्हां घरांत कला होती, पैसा नव्हता. १८२७ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, हा मुलगा अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटांत एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. तेथें १८३२ मध्यें सूक्ष्मदर्शकावरील एक जुनें पुस्तक त्यांनीं विकत घेतलें, आणि तेव्हांपासून हिशेबाच्या वह्यांपेक्षां किडे व फुलपांखरें त्यांस अधिक प्रिय झालीं. पुढें कॅनडांत शेती केली, ती बुडाली. १८३८ मध्यें अलाबामा प्रांतांत ते शाळामास्तर झाले. परंतु तेथील गुलामगिरी पाहून त्यांचें मन विटलें व लवकरच त्यांनीं स्वदेशाची वाट धरली. १८४४ ते १८४६ पर्यंत ते जमेका बेटांत पक्षी व कीटक गोळा करीत होते.

१८४८ मध्यें एमिली बोझ ह्या धर्मशील व लेखनकुशल बाईशीं त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षीं पुत्र झाला, तेव्हां रोजनिशींत त्यांनीं पुत्रजन्माची नोंद केली, आणि लगेच पुढें जमेकाहून एक हिरवी पाकोळी आल्याची. ह्यावरून ते निष्ठुर होते असें कोणीं समजूं नये. पाकोळी काय आणि मूल काय, दोन्ही त्यांस एकाच ईश्वराच्या हातचीं वाटत.

अतिश्रमानें प्रकृति खालावल्यामुळें १८५२ मध्यें ते डेव्हन परगण्याच्या समुद्रकिनारीं राहावयास गेले. ओहोटीच्या वेळीं खडकांतील कुंडांत समुद्रपुष्पें, खेकडे, शिंपले उघडे पडत. ते घरीं आणावे, तर पाणी नासून प्राणी मरत. ह्याच सुमारास लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं एक प्रयोग केला होता. कांचेच्या भांड्यांत वाळू व दगड घालून त्यांनीं एक पाणवनस्पति लाविली व दोन सोनेरी मासे सोडिले. वनस्पति माशांस प्राणवायु देई, परंतु तिचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. मग त्यांनीं गोगलगाई सोडल्या. त्यांनीं तें कुजकें खाऊन टाकिलें आणि पाणी निर्मळ झालें. गॉस ह्यांनीं हेंच तत्त्व समुद्राच्या पाण्यास लाविलें. हिरवें व तांबडें शेवाळ दगडासकट आणून त्यांनीं हौदांत ठेविलें, आणि प्राणी जगूं लागले.

ह्या हौदांतील वाळू केवळ शोभेकरितां नव्हती. कांहीं खेकडे दिवसभर वाळूंत पुरून बसतात व दोन लांब मिशा एकमेकींस जुळवून त्यांच्या नळीनें श्वासाच्या पाण्यास वाट ठेवितात. वाळूवांचून अशा प्राण्याची राहणी कोणास दिसणार? गॉस तासन्‌तास हौदापाशीं बसून अशा गोष्टी पाहत व त्यांचीं सुंदर रंगीत चित्रें स्वतः काढीत.

वाळूचें आणखी एक गुप्त काम आहे. तें गॉस ह्यांस त्यांच्या हयातींत कळलें नाहीं. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें सौम्य द्रव्यांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु वाळूच्या कणांवर वस्ती करितात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की ह्यांनीं अशा जंतूंचा उलगडा १८९० मध्यें केला, म्हणजे गॉस निवर्तल्यावर दोन वर्षांनीं. म्हणून वाळू निवडावी ती भरड व गुळगुळीत कणांची. गिलाव्याची अगदीं बारीक वाळू जाड थरानें घातल्यास घट्ट बसते, तळाशीं प्राणवायु पोंचत नाहीं, थर काळा पडतो व त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आपल्याकडील काळ्या दगडाच्या वाळूचें भय नाहीं. पण तींत चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेले असतात. वाळलेल्या वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेंस आला तर चुना आहे, आणि त्यानें पाणी जड होतें. निवडलेली वाळू साबणाशिवाय, बादलींतलें पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी व दोन बोटें जाडीचा थर द्यावा. पुढें पंधरा दिवसांनीं वरचा गाळ रबरी नळीनें ओढून काढावा. सगळी वाळू एकदम काढून नळाखालीं धुण्याचा उत्साह मात्र आवरावा, कारण त्यांत ते उपकारी जंतूही धुवून जातात.

मे १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जलचरांचें गृह उघडलें. त्यांतील पुष्कळ प्राणी गॉस ह्यांनीं पुरविले होते. (आपल्या मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें १९५१ मध्यें, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीं.) १८५४ मध्यें गॉस ह्यांचें ह्या विषयावरील पुस्तक निघालें, आणि अशा हौदास आज जगभर जें इंग्रजी नांव आहे, तें त्याच पुस्तकानें रूढ केलें. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं गोड्या पाण्यांत क्षार मिसळून खारें पाणी करण्याची रीतही त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. इंग्लंडांत दिवाणखान्यागणिक कांचेचे हौद दिसूं लागले. १८५६ मध्यें रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें.

परंतु फेब्रुवारी १८५७ मध्यें एमिलीबाई कर्करोगानें वारल्या. मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. त्याच वर्षीं गॉस ह्यांनीं भूगर्भशास्त्र व शास्त्रवचन ह्यांचा मेळ घालणारा एक ग्रंथ लिहिला. जग निर्माण झालें तें जुनेपणाच्या खुणांसहच झालें, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो शास्त्रज्ञांस पटला नाहीं, आणि श्रद्धावंतांसही पटला नाहीं. ईश्वर खडकांत खोट्या खुणा कां लिहील, असा आक्षेप त्यांच्या स्नेह्यांनींच घेतला. आम्हांसही तो आक्षेप योग्य वाटतो. तथापि गॉस ह्यांनीं दोहोंपैकीं एकही निष्ठा सोयीसाठीं सोडली नाहीं, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

त्यानंतर मुलास घेऊन ते डेव्हनमध्यें सेंट मेरीचर्च येथें कायमचे राहिले. बापलेक बरण्या घेऊन ओहोटीच्या कुंडांकडे जात. पण आतां ते एकटे नव्हते. त्यांचींच पुस्तकें वाचून माणसांच्या झुंडी किनाऱ्यावर येत, हातोड्यांनीं खडक फोडून समुद्रपुष्पें नेत, आणि घरीं बहुतेक मरूं देत. थोड्याच वर्षांत कुंडें ओकीं झालीं. ज्या सृष्टीचें कौतुक लोकांस शिकविलें, तिच्या नाशास आपणच कारण झालों, हें गॉस ह्यांस उमगलें व त्याची खंत त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

१८६० मध्यें त्यांनीं दुसरा विवाह केला. उतारवयांत ते आमरीचीं फुलें वाढवीत, सूक्ष्मदर्शकाखालीं पाण्यांतील जीव तपाशीत व रात्रीं दुर्बिणीनें तारे पाहत. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं सेंट मेरीचर्च येथें त्यांचें देहावसान झालें. पुत्र एडमंड मोठा साहित्यिक झाला. आपल्या व वडिलांच्या सहवासाची कथा त्यानें १९०७ मध्यें प्रसिद्ध केली. त्या कुंडांतील रंग आपण लहानपणीं पाहिले, तसे आतां कोणास दिसणार नाहींत, असें त्यानें तींत नमूद करून ठेविलें आहे.